गटाच्या कबड्डीचा सराव कसा आखायचा?



हळदी-कुंकवाचे दिवस चालू आहेत आणि जिथं जावं तिथं गटाच्या बायका एकच विषय काढतात: यंदा महिला दिनाला कबड्डीचा संघ उतरवायचा का? संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, रस्सीखेच हे सगळं दरवर्षी असतंच. पण कबड्डीचं नाव निघालं की पस्तिशीतली बाईसुद्धा पदर खोचून उभी राहते. आपल्यातल्या कितीतरी जणी शाळेत खेळलेल्या आहेत. दहावी-बारावीला मैदान सुटलं, लग्न झालं, मग मैदानाकडं फिरकायचं कारणच उरलं नाही. आता गटाच्या निमित्तानं ते परत आलं आहे, तर नीट खेळूया. त्यासाठी सराव कसा आखायचा, ते आज बोलू.

आमच्या भागात बऱ्याच संघांचा सराव म्हणजे स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी जमायचं आणि अंधार पडेपर्यंत सामना खेळायचा. घाम निघतो, हसून पोट दुखतं, मजा येते. खेळ मात्र आहे तिथंच राहतो. जिची चढाई चांगली तीच सारखी चढाईला जाते, कोपऱ्यातली कोपऱ्यातच उभी राहते, आणि पहिल्या दिवशी झालेली चूक सातव्या दिवशी पुन्हा होते. वर एखादीचा पाय मुरगळतो. आपल्याकडं पाय मुरगळला की नुसतं खेळणं थांबत नाही. मजुरी बुडते, धारा कोण काढणार हा प्रश्न येतो, आणि घरात ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. एकीचा पाय दुखावला की दुसऱ्या चार जणींना घरून परवानगी मिळत नाही, हे आम्ही गावागावांत बघतो. म्हणून आराखडा जिंकण्यासाठी हवा, तसाच पुढच्या वर्षीही खेळता यावं म्हणून हवा.

आराखडा म्हणजे जास्त खेळायचं असं नाही. आपले गुण कुठं जातात ते आधी बघायचं, त्यातल्या दोन गोष्टी निवडायच्या, आणि तेवढ्या दोनच गोष्टींवर काम करायचं.

कबड्डीत थोडक्यात काय काय होतं बघा. आशियाई खेळांत बायकांची कबड्डी २०१० साली आली. पहिल्या दोन्ही वेळेला आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणलं. २०१८ ला जकार्तात इराणकडून २४-२७ असे हरलो, म्हणजे नुसते तीन गुण कमी पडले. पुढच्या वेळी, २०२३ ला चीनमधल्या हांगचौला झालेल्या अंतिम सामन्यात चिनी तैपेईला हरवलं ते २६-२५ असं, एका गुणानं! एवढ्या मोठ्या खेळाडूंचं सोनं एका गुणावर ठरतं, तर आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत फुकट दिलेले चार गुण म्हणजे केवढा तोटा झाला, ते तुम्हीच ठरवा.

आता नियमांची उजळणी करू, कारण शाळेत आपण जे खेळलो त्यात फरक पडला आहे. बायकांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. मधे मध्यरेषा. तिच्यापासून ३ मीटरवर निदान रेषा आणि त्यापुढं एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा पट्टा असतो, त्याला राखीव क्षेत्र किंवा लॉबी म्हणतात. मैदानात सात जणी, बाहेर पाच राखीव. एक चढाई ३० सेकंदांची. चढाई करणारीनं निदान रेषा ओलांडायचीच. ती न ओलांडता आणि कुणाला स्पर्श न होता परत आली तर ती बाद. समोर सहा किंवा सात जणी असतील आणि एक पाय बोनस रेषेपलीकडं टेकवला, तेव्हा मागचा पाय हवेत असेल, तर एक गुण मिळतो. समोरचा पूर्ण संघ बाद केला की लोण चढतो आणि दोन गुण वरचे मिळतात. समोर तीन किंवा त्याहून कमी जणी उरल्या असताना त्यांनी आपली चढाईवाली पकडली तर त्यांना एक गुण जादा, त्याला अव्वल पकड म्हणतात. शिवाय लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. बायकांचा सामना नियमानं १५-१५ मिनिटांच्या दोन डावांचा, मधे पाच मिनिटं विश्रांती. पण गावच्या स्पर्धेत वेळ कमी करतात, बोनस ठेवतात किंवा काढून टाकतात, तिसऱ्या चढाईचा नियम कुठं असतो कुठं नसतो. तेव्हा नाव नोंदवायला जाल तेव्हाच आयोजकांना विचारा आणि लिहून आणा. बोनसच नसेल तर त्याचा सराव करून काय उपयोग?

मग सुरुवात कुठून करायची? वहीपासून. आपल्या गटाची बैठक वहीशिवाय होत नाही, तसा पहिला सामनाही वहीशिवाय खेळू नका. गटाचा हिशोब लिहिणारी ताई असते ना, तिला मैदानाबाहेर बसवा, सोबत एक मुलगी द्या. गावातल्याच दोन संघांचा १५ मिनिटांचा सामना लावा. वहीचं पान उभं दुमडा. एका बाजूला आपल्या चढाया: गुण आला तर फुली, रिकामी आली तर शून्य, पकडली गेली तर ‘प’. आणि ‘प’ लिहिलं की शेजारी दोन शब्दांत कारण लिहायचं. पाठ फिरवली, दम तुटला, कोपऱ्यात अडकली, असं. दुसऱ्या बाजूला समोरच्यांना मिळालेले गुण आणि ते कशामुळं मिळाले.

समजा वही अशी निघाली. आपल्या १८ चढाया झाल्या. पाचमध्ये गुण आला, आठ रिकाम्या आल्या, पाच वेळा आपली बाई पकडली गेली. समोरच्यांना एकूण १८ गुण मिळाले: पाच आपल्या चढाईवाल्या पकडून, पाच आपल्या बायकांना हात-पाय लावून, दोन बोनसचे, दोन लोणाचे, आणि चार गुण आपल्याच बायका रेषेबाहेर गेल्या म्हणून. हे शेवटचे चार वाचले की बायका हसतात, मग गप्प होतात. पुढं बघा. पाच जणी पकडल्या गेल्या, त्यातल्या तिघींच्या पुढं ‘पाठ फिरवली’ असं लिहिलेलं. म्हणजे १८ पैकी सात गुण दोनच चुकांनी गेले, आणि या दोन्ही चुका सुधारायला ताकद लागत नाही, वय आड येत नाही, पैसा तर नाहीच नाही.

तुमच्या वहीत आकडे वेगळे येतील. पण आमचा अनुभव असा की नव्या संघात या दोन गोष्टी हमखास निघतात. तरी सरावाला जमलं की सगळ्यांना हनुमान उडी शिकायची असते! टीव्हीवर बघितलेली. उडीत मजा आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण आधी वहीतलं करायचं.

पहिली गोष्ट, रेषेबाहेर जाणं. हे दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे मागं सरकता सरकता अंतिम रेषेवरून पाय जातो. दुसरं म्हणजे लॉबी. स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत लॉबीत पाय टाकायचा नसतो, टाकला की बाद. झटापट सुरू झाली की मगच तो पट्टा खेळात येतो. हे आपल्या बायकांच्या डोक्यात राहत नाही, कारण सरावाच्या मैदानावर लॉबीची रेषाच आखलेली नसते. म्हणून सरावालाही पूर्ण मैदान आखा. फक्की नसेल तर रांगोळी चालेल, राखसुद्धा चालेल. मग सात जणींनी उभं राहायचं, एकीनं चढाई करायची पण कुणाला हात लावायचा नाही. नुसतं इकडून तिकडं पळवायचं. बचाव करणाऱ्यांनी फक्त रेषा सांभाळायच्या. पाच मिनिटं हे केलं की पायाला रेषेचा अंदाज येतो. सुरुवातीला खाली बघावं लागतं, दोन आठवड्यांनी बघावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, चढाईहून परतणं. आपण चढाई म्हणजे जाणं समजतो. खरी चढाई परतण्यात आहे. घाबरली की बाई वळते आणि पळत सुटते, तेवढ्यात कोपऱ्यातली घोटा धरते. तिला दिसतच नाही कोण आलं ते. म्हणून तोंड समोर ठेवूनच मागं यायचं, गुडघे थोडे वाकलेले, पाय छोटे छोटे टाकत, नजर दोन्ही कोपऱ्यांवर. याचा सराव दोघींनी करावा. एक मध्यरेषेपासून निदान रेषेच्या पुढं जाते, दुसरी कोपऱ्यातून तिच्या घोट्यावर झेपावते, पण धरायचं नाही, नुसता हात लावायचा. दहा वेळा एक, दहा वेळा दुसरी. आणि पकडलं गेलंच तर सोडून देऊ नका. झटापटीत हात लांब करून मध्यरेषेला बोट लागलं तरी आपण सुटतो, आणि ज्यांनी धरलं त्या सगळ्या बाद होतात. किती बायका मध्यरेषा हातभर लांब असताना ‘धरलं बाई’ म्हणून उभ्या राहतात! पोटावर पडलात तरी हात पुढं टाका.

दम हीसुद्धा परतण्याशी जोडलेली बाब आहे. ‘कबड्डी कबड्डी’ स्पष्ट, पंचांना ऐकू येईल असं म्हणायचं. समोरच्यांच्या मैदानात दम तुटला की बाद. पहिल्या दिवशी बहुतेकींचा दम पंधरा-वीस सेकंदांत जातो, कारण सुरुवातीलाच जोरात ओरडतात. आवाज मध्यम ठेवा, तोंडातल्या तोंडात नको आणि किंचाळूनही नको. यासाठी मैदान लागत नाही. पाणी आणायला जाताना, शेताच्या वाटेवर चालता चालता म्हणा. मोबाइलमध्ये ३० सेकंद लावा. चालताना जमलं की हळू पळत म्हणा. लोक बघतात, हसतात. हसू द्या.

पकडीचा सराव आम्ही तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुरू करू देत नाही. लागण्याची भीती सगळ्यात जास्त तिथं असते. आधी साखळी शिका. कोपऱ्यातली आणि तिच्या शेजारची एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात, तो धरताना बोटात बोटं अडकवू नका, मनगट धरा. बोटं अडकवली आणि चढाईवाली साखळीवर आदळली की बोट मोडायला वेळ लागत नाही. पकडायचं ते दोघींनी मिळून. एकीनं पुढाकार घेतला की दुसरी एक मोजेपर्यंत पोचली पाहिजे. एकटीनं धाडस केलं तर सहसा धरलेलीही सुटते आणि धरणारीही बाद होते. घोटा धरताना डोकं तिच्या गुडघ्यासमोर येऊ देऊ नका, बाजूला ठेवा. दोन्ही हातांनी धरा, आपल्याकडं ओढा. केस, कपडे, गळा धरायचा नाही, तोंड दाबायचं नाही, पायांची कैची मारायची नाही. हे नियमातच आहे, पण सरावात चालवून घेतलं तर सामन्यात होणारच.

बोनसबद्दल बायका फार विचारतात. तो मिळवावा, पण एक ध्यानात ठेवा. समोरची बाई बाद केली की आपल्या बाहेर बसलेल्यांपैकी एक जिवंत होऊन आत येते. नुसत्या बोनसनं कुणी आत येत नाही. आपल्या चार जणी बाहेर बसल्या असताना बोनसच्या मागं लागून उपयोग नाही, तेव्हा स्पर्शच हवा.

आता दिवसांचं गणित. संक्रांतीपासून महिला दिनापर्यंत सात-साडेसात आठवडे मिळतात. पण ते सगळे सारखे नाहीत, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत? फेब्रुवारी लागला की ज्वारी, हरभरा काढणीला येतात. ऊसतोडीचा भाग असेल तर आणखी वेगळं. म्हणून जड काम पहिल्या चार आठवड्यांत उरका. पहिल्या आठवड्यात अंग मोकळं करणं, मैदान आखणं आणि वहीचा सामना. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रेषा आणि परतणं. चौथ्या-पाचव्यात साखळी आणि पकड. पाचव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा वहीचा सामना, तेच पान, तेच रकाने. रेषेबाहेरचे चार गुण दोनवर आले का? आले असतील तर पुढची गोष्ट घ्या. नसतील तर तीच चालू ठेवा, नवीन काही शिकू नका. काढणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा जमलात तरी पुरे. शेवटचे तीन दिवस पकडीचा सराव अजिबात नको.

आठवड्यातून तीन वेळा, पाऊण तास, एवढंच धरा. रोजचं ठरवलं की चौथ्या दिवशी निम्म्या येत नाहीत आणि मग ज्या येतात त्यांचाही हुरूप जातो. वेळ बायकांनी ठरवायची. कुठं सकाळी डेअरीला दूध घालून येताना जमतं, कुठं संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी. पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं अंग तापवायला: हळू पळणं, गुडघे वर घेत चालणं, बाजूला सरकत जाणं, हात-खांदे फिरवणं. मग वीस मिनिटं त्या आठवड्याची गोष्ट, दहा मिनिटं खेळ, शेवटी पाच मिनिटं पाय-पोटऱ्या ताणणं. खेळ मागं ठेवायचा, नाहीतर आधी खेळ सुरू झाला की बाकीचं राहूनच जातं.

गुडघ्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण कबड्डीत दुखापत होते ती जास्त करून गुडघा, घोटा आणि बोटांना. आपण दिवसभर वाकतो, ओझं उचलतो, म्हणून आपले पाय मजबूत आहेत असं वाटतं. पण वाकून खुरपणं वेगळं आणि पळता पळता एकदम थांबून वळणं वेगळं. उडी मारून उतरताना किंवा वळताना गुडघा आतल्या बाजूला झुकला तर आतली नस दुखावते, आणि ती महिनोन्‌महिने बरी होत नाही. उतरताना गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या सरळ रेषेत हवेत. एकमेकींकडं बघून सांगा, आपलं आपल्याला दिसत नाही. घरी खुर्चीवर हात न टेकता बसायचं-उठायचं, दहा-दहा वेळा. एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, मग दुसऱ्या. भांडी घासून झाल्यावर ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या, वीस वेळा. एवढं रोज केलं तरी पुष्कळ.

पाय मुरगळलाच तर खेळ थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पहिल्या दिवशी शेकू नका आणि रगडून मालिश तर मुळीच नको. पायावर भार देता येत नसेल, चार पावलंही टाकता येत नसतील, तर हाड मोडलेलं असू शकतं. डॉक्टरकडं जाऊन फोटो काढा.

मैदानातले खडे, काटे, काच सगळ्यांनी मिळून वेचायचे. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडलं की माती बसते, धूळ उडत नाही. अंगणाच्या फरशीवर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर पकडीचा सराव करू नका.

आणि आता ज्याबद्दल बायका कार्यक्रम संपल्यावर हळूच विचारतात ते. बाळंतपणं झालेल्या बऱ्याच जणींना पळताना, उडी मारताना लघवीचे थेंब जातात. त्या लाजेनं खेळच सोडतात, कारण मात्र ‘घरी काम आहे’ असं सांगतात. यावर व्यायाम आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते आवळून पाच मोजेपर्यंत धरायचे, मग सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या जागी होतं, कुणाला कळत नाही. मात्र लघवी करत असताना हा व्यायाम करू नका. फरक पडायला दोन-तीन महिने जातात, म्हणून आजच सुरू करा. अंग खाली येत असल्यासारखं वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. दिवस गेलेल्या बाईनं कबड्डी खेळायची नाही. बाळंतपण किंवा सिझेरियन होऊन थोडेच महिने झाले असतील तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाळीत खेळायचं की नाही हे जिचं तिनं ठरवावं. बरं वाटत असेल तर खेळायला हरकत नाही, आणि नको वाटत असेल तर तिला कुणी बोलू नये.

लवकर दम लागतो, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी येते, अशा बायकांनी रक्त तपासून घ्यावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं होतं. म्हणजे आपल्या सात जणींच्या संघात तीन-चार तरी अशा असणार. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर गोळ्या लागतात, त्या सरकारी दवाखान्यात मिळतात. चहा जेवणाबरोबर घेऊ नका, जेवणात लिंबू असू द्या. सरावाला उपाशी पोटी येऊ नका. तासभर आधी अर्धी भाकरी किंवा केळं खाल्लेलं बरं.

दागिन्यांचा प्रश्न दर गावात येतो. नियमानं खेळताना अंगावर दागिना चालत नाही, नखं कापलेली हवीत, अंगाला तेल लावलेलं चालत नाही. बांगड्या काढायला कुणाची ना नसते. पण मंगळसूत्र आणि जोडवी काढायची म्हटलं की चेहरे बदलतात, घरी सासूबाईंना काय सांगायचं म्हणून. आम्हाला वाटतं हे सामन्याच्या दिवशी मैदानावर ठरवायची गोष्ट नाही. गटाच्या बैठकीतच बोलून घ्या. झटापटीत मंगळसूत्र ओढलं गेलं तर मानेला कापतं, जोडव्यात बोट अडकलं तर नख निघतं, समोरचीलाही लागतं. काही गावांत बायकांनी सासूबाईंनाच सामना बघायला बोलावलं आणि डबा त्यांच्याच हातात दिला. मग कोण काय म्हणणार! डब्यात कुणाचं काय ठेवलं ते वहीत लिहा, घेताना सही घ्या. साडीऐवजी सैल सलवार किंवा ट्रॅक पँट आणि बाह्यांचा टी-शर्ट हवा. ज्यांना घरून अडचण आहे त्यांनी सरावापासूनच तो घालायला सुरुवात करावी, म्हणजे गावाच्या डोळ्यांना सवय होते.

शिकवायला कोण? बाहेरून माणूस आणायची गरज नाही. आपल्या गावच्या शाळेतल्या मुली तालुक्याला, जिल्ह्याला खेळून येतात. त्यांना बोलवा. सोळा वर्षांची पोर आईला ‘आई, पाठ फिरवू नको’ म्हणून ओरडते, ते ऐकायला मजा येते, आणि त्या पोरीचं स्वतःचं खेळणंही घरात पक्कं होतं. पहिल्या महिला विश्वचषकात, २०१२ साली पाटण्याला जिंकलेल्या भारतीय संघात आपल्या महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे होती, हे या मुलींना माहीत असतं. आपल्याला सांगतील.

सात जणी कोण, यावरून गटात वाद होतो. आमचं म्हणणं, वहीवरून ठरवा आणि ते सगळ्यांसमोर वाचून दाखवा. सरावाला किती दिवस आली आणि मैदानात काय केलं, दोन्ही रकाने बघा. अध्यक्ष-सचिव म्हणून कुणाला जागा देऊ नका. बाहेरच्या पाच जणींनाही ठरलेलं काम द्या: एकीकडं वही, एकीकडं वेळ, एकीकडं पाणी आणि पट्टी, दोघींकडं लहान मुलं. मुलं सांभाळणारी नसली तर दोन खेळणाऱ्या तरी गळतात.

सामन्याच्या दिवशी वेळेआधी पाऊण तास पोचा, मैदानाच्या रेषा पायानं चालून बघा, विशेषतः लॉबी. पंचांना नियम पुन्हा विचारा. वाद घालायचा तर फक्त कर्णधारानं बोलायचं. हरलात किंवा जिंकलात तरी वही त्याच रात्री उघडू नका, त्या रात्री फक्त जेवा आणि झोपा. ती पुढच्या बैठकीला उघडा, हप्ते गोळा झाल्यावर, आणि पहिल्या आठवड्याचं पान शेजारी ठेवा.